तपासली की तपासावी

माझी वहिनी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकली आणि सात महिन्यांच्या आत तिने अख्खी लॉन्ड्री बंद पाडली, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. लॉन्ड्री बंद केली माझ्या दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आणि तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं. मी त्या दिवशी दोघांच्या मध्ये उभी होते, म्हणून हे मीच लिहायला हवं. उशीर झाला, कारण त्या वेळी मलाही लिहिता येत नव्हतं.

आमची लॉन्ड्री म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या मागची पत्र्याची शेड. हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले तिथे धुवायला यायचे. आम्ही अकरा बायका. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मधे वाफेवर तापणारे दोन मोठे रोलर, आणि रोलरच्या पुढे आमचं लांब टेबल. ओली चादर एकीकडून आत जायची आणि दुसरीकडून कोरडी, कडक, हात भाजेल अशी बाहेर यायची. ती मी आणि वहिनी झेलायचो. वहिनीची घडी अशी बसायची की चादर फाटेल पण कोपरा सुटणार नाही. त्यामुळे सगळ्या तिला घडीबाई म्हणायच्या.

रोलरला वाफ यायची शेजारच्या खोलीतल्या बॉयलरमधून. मधे अर्धी भिंत विटांची, वरचा भाग पत्र्याचा. त्या भिंतीपलीकडे दादा असायचा. चौदा वर्षं. आधी तो तिथे झाडलोट करायचा. जुना बॉयलरवाला काम सोडून गेला तेव्हा मॅनेजर दादाला म्हणाले, ‘‘तूच बघ आता, तुला सगळं ठाऊक आहे.’’ आणि खरंच त्याला ठाऊक होतं. बर्नरचा आवाज जरा बदलला तरी तो जेवणावरून उठायचा. लिहिण्यावाचण्याचं मात्र नाव नको. सही तेवढी करायचा, तीन अक्षरं. ती त्याने चित्रासारखी घोटून ठेवली होती.

मी विधवा झाल्यावर दादाकडेच राहायला आले. दोन खोल्या, वर पंखा, खाली आम्ही तिघं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

वाचण्याचं खूळ आलं ते एका घोटाळ्यातून. हॉस्पिटलच्या कपड्यांवर वॉर्डाचा शिक्का असतो. आम्ही शिक्क्याच्या रंगावरून गठ्ठे लावायचो. हिरवा म्हणजे बाळंतिणींचा, निळा म्हणजे ऑपरेशनचा, लाल म्हणजे साथीच्या रोगांचा. एकदा हॉस्पिटलने शाई बदलली, सगळे शिक्के काळे झाले, आणि साथीच्या वॉर्डातल्या चादरी बाळंतिणींकडे गेल्या. आम्हाला जी बोलणी बसली ती विचारू नका. त्यानंतर हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘‘ह्यांना ओरडून काय होणार? ह्यांना अक्षरं शिकवा.’’ शिकवायला कोण येणार, असं मॅनेजरने विचारलं तर म्हणाल्या, ‘‘मी.’’

आठवड्यातून तीन दिवस, दुपारी तीन ते साडेचार, मळक्या कपड्यांच्या गाड्या ठेवायच्या खोलीत वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी आम्ही आठ जणी गेलो, कारण सिस्टर चहा आणायच्या. महिन्याभरात चार राहिल्या. मी न राहिलेल्यांपैकी. मला वाटायचं, वॉर्डाची नावं कळली, बस झालं. वहिनी मात्र चिकटली. तिला पटकन यायचं नाही. एकेका अक्षराशी ती कुस्ती खेळायची. चूल पेटली असली तरी हातात डाळीच्या पुडीचा कागद, ओठ हलतायत, आणि डाळ करपतेय.

‘‘आता काय वकील होणार का?’’ दादा म्हणायचा.

‘‘झालेच तर तुमची केस घेणार नाही,’’ ती म्हणायची.

हे सगळं हसतखेळत होतं. त्या मंगळवारपर्यंत.

त्या दिवशी दादाचा डबा घरी राहिला होता. वहिनी जेवणाच्या सुट्टीत तो घरून घेऊन बॉयलरच्या खोलीत गेली. दादा जेवत होता तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. तिथे काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेलं होतं, वर्षानुवर्षं. तिने सवयीने वाचायला घेतलं. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. ते दादाचं नव्हतं.

‘‘हे कुणाचं?’’

‘‘कुठलं? ते होय. खोलीचं असेल,’’ दादा तोंडात घास धरून म्हणाला.

मग स्टुलावर पडलेलं रजिस्टर तिने उघडलं. एरवी कारकून ते सकाळी आणायचा, दादाची सही घ्यायचा आणि घेऊन जायचा. त्या दिवशी तो घाईत विसरला होता. पानभर एकाखाली एक ओळी, सगळ्या सारख्याच, आणि प्रत्येक ओळीपुढे ती तीन अक्षरांची सही.

‘‘अहो, सुरक्षा झडप म्हणजे काय असतं?’’

‘‘काय की.’’ मग जरा विचार करून म्हणाला, ‘‘सेफ्टी असेल. ती वरची. वाफ हाताबाहेर गेली की आपोआप उघडते. का गं?’’

‘‘उघडते का?’’

दादाने वर बघितलं. ती झडप तारेने गच्च आवळलेली होती. तीन महिन्यांपूर्वी ती गळायला लागली, सारखी फुसफुसायची, त्यामुळे रोलर थंड पडायचे. फिटरने तार बांधून दिली. नवी मागवलीय म्हणाले होते.

‘‘पण इथे रोज लिहिलंय,’’ वहिनी म्हणाली, ‘‘की सुरक्षा झडप तपासली. ठीक आहे. आणि खाली तुमची सही.’’

दादाचा हात डब्यातच राहिला. मग तो म्हणाला, ‘‘तू चुकीचं वाचलंस.’’

तेवढ्यात कारकून आला आणि रजिस्टर घेऊन गेला.

ह्यात गंमत अशी, की दादा म्हणाला ते तिला खरंही वाटलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘‘ताई, ते ‘तपासली’ होतं की ‘तपासावी’? कारकुनाचं अक्षर म्हणजे मुंग्या सोडल्यासारखं. ‘स’ला काना होता की नव्हता, मला आठवत नाही. ‘तपासावी’ असेल तर ती नुसती सूचना झाली. कुणीतरी तपासावी. त्यात ह्यांचा काही दोष नाही. पण ‘तपासली’ असेल, तर ह्यांनी रोज खोटं लिहून दिलंय. उद्या काही झालं, तर…’’

मी म्हटलं, ‘‘वहिनी, सोड ना. चौदा वर्षं काही झालं नाही.’’

‘‘तार तीन महिन्यांची आहे,’’ ती म्हणाली.

दादा रागावला की भांडी आपटायचा. त्या रात्री त्याने भांडीसुद्धा आपटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर तापायच्या आधी वहिनी माझ्याकडून खुणेची शाई मागून घेऊन गेली. कपड्यांवर आकडे घालायची शाई ती, सोड्यात उकळली तरी जात नाही. मला काही सांगितलं नाही. नंतर कळलं ते असं: ती बॉयलरच्या खोलीत हातात एक फडकं घेऊन शिरली, पाइप पुसायचा म्हणून. कारकून रजिस्टर एका हातावर धरून उभा होता. दादाने सही करायला पेन घेतलं. वहिनीला पान उलटं दिसत होतं. तिने आयुष्यात कधी उलटं वाचलं नव्हतं. मग ती वाचायच्या भानगडीत पडलीच नाही. भाजीचा आकार बघावा तसा शब्दाचा आकार बघून ती तो आपल्या कोपराखाली, हातावर, जसाच्या तसा काढत गेली.

‘‘काय चाललंय तुझं?’’ कारकुनाने विचारलं.

‘‘चादरींचा आकडा. विसरते मी.’’

दादा सगळं बघत होता. त्याने सही केली. हे मी लपवणार नाही. त्याने त्या दिवशीही सही केली.

दिवसभर बाही खाली ओढून तिने काम केलं. चटके देणाऱ्या चादरी झेलताना आम्ही बाह्या वर करतो, तिने केल्या नाहीत. तीन वाजता वर्गात तिने सिस्टरांपुढे हात उलटा धरला. सिस्टरांनी चष्मा लावला, वहिनीचं मनगट फिरवून बघितलं.

‘‘तपासली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मधे काना नाही. ली आहे. कुठे लिहिलंय हे?’’

वहिनीने सांगितलं. सिस्टरांचा चेहरा पडला. जन्मभर त्यांनी भाजलेली माणसं बघितली होती.

‘‘मी आजच वर चिठ्ठी देते. बॉयलर तपासणाऱ्या सरकारी खात्याचा माणूस येऊन बघेल.’’

‘‘सिस्टर, चौकशीत नाव कुणाचं येईल?’’

‘‘सही कुणाची आहे?’’

‘‘ह्यांची.’’

सिस्टरांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, ‘‘दोन दिवस थांबते. त्यापुढे मला थांबता यायचं नाही. तूही मला थांबायला सांगू नकोस.’’

घरी आल्यावर वहिनीने दादापुढे बाही वर केली. ‘‘हे बघा. ली आहे.’’

‘‘मला काय दाखवतेस?’’ दादा ओरडला. ‘‘मला ते ली काय आणि वी काय! माझ्या नाकावर टिच्चून दाखवतेस होय?’’

‘‘तुम्हाला कमी लेखायला नाही हो. सही करू नका एवढंच म्हणते.’’

‘‘आणि सही नाही केली तर? म्हणतील, का? मग मी काय सांगू? मला वाचता येत नाही, म्हणून इतकी वर्षं सह्या केल्या? तिथे नवी पोरं मला उस्ताद म्हणतात!’’ मग तो एकदम खाली बसला आणि हळू आवाजात बोलला, ‘‘तार मीच धरली होती. फिटरने पिळली, धरली मी. काटा लाल रेघेच्या आत ठेवला की काही होत नाही. मी कान लावून बसलेला असतो.’’

‘‘आणि तुम्ही आजारी पडलात तर कुणाचा कान?’’

मी चूल विझवायच्या निमित्ताने उठले. त्या दोघांचं ऐकू येणार नाही अशी जागा त्या दोन खोल्यांत नव्हती.

गुरुवारी सकाळीच लक्षण बरं दिसेना. शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलचं धुण्याचं यंत्र बिघडलं होतं आणि त्यांचेही कपडे आमच्याकडे आले होते. दारापासून टेबलापर्यंत गठ्ठेच गठ्ठे. मॅनेजर स्वतः शेडमध्ये उतरले. एरवी ते वरच्या काचेच्या केबिनमधून बघायचे.

‘‘रोलर ढिले चालतायत,’’ ते म्हणाले. ‘‘वाफ वाढवायला सांगा.’’

भिंतीपलीकडे बर्नरचा आवाज वाढला. चादरी इतक्या तापून यायला लागल्या की झेलताना हात पोळत होते. थोड्या वेळाने पाइपच्या सांध्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वहिनीने घडी अर्धवट टाकली आणि पत्र्याच्या फटीतून पलीकडे बघितलं. मीही बघितलं. दादा काट्यापुढे उभा होता. काटा लाल रेघेला टेकला होता. दादाच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता, आणि तो वरच्या झडपेकडे बघत होता. मी त्याला कधी घाबरलेला बघितला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

वहिनी वळली आणि रोलरवर चादर घालणाऱ्या दोघींना म्हणाली, ‘‘थांबा. घालू नका.’’

‘‘का गं?’’

‘‘भिंतीपासून लांब व्हा. सगळ्या. दाराकडे.’’ आणि मग तिने जे वाचलं होतं ते सांगितलं, तारेसकट.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धुण्याच्या यंत्रावरची आमची सगळ्यात जुनी आजी होती, ती म्हणाली, ‘‘तुला नक्की वाचता आलं ना? नाहीतर आमचं काम जाईल बाई तुझ्यापायी.’’

हा प्रश्न वाईट नव्हता. मीही मनात तोच विचारत होते. काल-परवापर्यंत जी बाई डाळीच्या पुडीवर अडत होती, तिच्या शब्दावर दहा जणींनी काम टाकायचं?

मॅनेजर आले. मागून कारकून, बगलेत रजिस्टर.

‘‘काय तमाशा आहे?’’

मग आजीच म्हणाली, ‘‘घडीबाई म्हणतेय की बॉयलरची झडप बांधलीय आणि कागदावर ठीक लिहिलंय.’’

मॅनेजर हसले. खरंच हसले. ‘‘घडीबाईने वाचलं? वा! पगाराच्या दिवशी अंगठा शोधत असते ती.’’ त्यांनी कारकुनाच्या हातातून रजिस्टर घेतलं, उघडलं आणि वहिनीपुढे धरलं. ‘‘घे. वाच सगळ्यांपुढे. चुकलीस तर आत्ताच घरी जायचं.’’

त्यांना वाटलं होतं ती मागे सरेल. मला वाटलं होतं तसंच. पाइपची शिट्टी चालूच होती. वहिनीने हात पदराला पुसले, जसं काही पुस्तकाला डाग लागेल. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं.

‘‘दि… नां… क.’’

पुढचे आकडे तिने नीट वाचले. आकडे तिला चांगले यायचे. मग तिचं बोट पुढच्या शब्दावर गेलं आणि अडलं. जोडाक्षर होतं. जोडाक्षरं म्हणजे तिचे वैरी.

‘‘सु… र…’’ ती थांबली. कारकून खुदकन हसला. ‘‘सुर…’’

मला वाटलं, आता संपलं. आता ही रडेल. आणि कुठून आलं देव जाणे, पण आजी मोठ्याने म्हणाली, ‘‘सावकाश वाच गं. आम्हाला घाई नाही.’’

‘‘सुर… क्षा. सुरक्षा. झ… झडप.’’ तिने श्वास घेतला. ‘‘तपासली. ठीक आहे. बॉयलर चालक.’’ आणि तिचं बोट सहीवर जाऊन थांबलं. सही तिने वाचली नाही. आम्हा सगळ्यांना ती कुणाची ते माहीत होतं.

‘‘झालं समाधान?’’ मॅनेजर म्हणाले. ‘‘तूच वाचलंस ना, ठीक आहे म्हणून? मग?’’

‘‘बांधलेली झडप ठीक कशी असेल, साहेब?’’

‘‘ते तुला काय कळतं? ज्याला कळतं त्याची सही आहे.’’ त्यांनी मान वळवली आणि हाक मारली. ‘‘उस्ताद! इकडे या. बायकोला सांगा जरा.’’

दादा दारात येऊन उभाच होता. किती वेळ, कुणास ठाऊक. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत आला तशा बायका बाजूला झाल्या. मॅनेजरने रजिस्टर त्याच्यापुढे केलं.

‘‘ही सही तुमची ना?’’

‘‘माझी.’’

‘‘मग झडप तपासली होती ना?’’

दादाने रजिस्टरकडे बघितलं. नुसतंच बघितलं, जसं मी त्या वेळी कुठल्याही कागदाकडे बघायची. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. ती जमिनीकडे बघत होती. मला वाटतं, तिला त्याला लाज आणायची नव्हती.

‘‘साहेब,’’ दादा म्हणाला, ‘‘ह्यात काय लिहिलंय ते मला कधी कळलं नाही. मला वाचता येत नाही.’’

मागे त्याच्या हाताखालचा तरुण उभा होता, त्याने मान खाली घातली.

‘‘मी झडप तपासलेली नाही. एक दिवस पण नाही. ती बांधलेली आहे आणि बांधताना तार मी धरली होती. भिंतीवरचं प्रमाणपत्रही माझं नाही. आणि काटा आत्ता रेघेच्या पुढे गेलाय, म्हणून मी बर्नर बंद करतोय.’’

‘‘बंद केलास तर परत पाय ठेवायचा नाही इथे.’’

दादा वळला आणि गेला. खटका पाडल्याचा आवाज आला, मग बर्नरची घरघर हळूहळू बसत गेली. तो तिकडून ओरडला, ‘‘रोलरची वाफ बंद करू नका, चालू राहू द्या, तेवढीच वाट आहे तिला! सगळे बाहेर व्हा!’’ तेव्हा कुठे आम्ही सगळ्या दारातून बाहेर पडलो. मॅनेजरही पडले. काटा उतरेपर्यंत दादा एकटाच आत होता. पाऊण तास. वहिनी रस्त्याच्या कडेला बसून होती आणि मी तिचा हात धरला होता, तो शाईवाला. त्या पाऊण तासात ती मला एवढंच म्हणाली, ‘‘मी त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलं.’’

दादा बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट अंगाला चिकटलेला होता. तो आमच्याजवळ थांबला नाही. सरळ घरी गेला.

सिस्टरांनी त्याच दुपारी चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी खात्याचा तपासणी अधिकारी आला. दादाला बोलावून घेतलं, कारण बॉयलरबद्दल बाकी कुणालाच धड सांगता येईना. अधिकाऱ्याने शिडीवर चढून तार कापली आणि झडप हाताने हलवून बघितली. ती हलली नाही. गंजून जागच्या जागी चिकटली होती. तार नसती तरी उघडली नसती. तो खाली उतरला, हात पुसले आणि दादाला विचारलं, ‘‘तुम्ही रोज ह्याच्या शेजारी जेवायचात?’’

पुढचं सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. लॉन्ड्री साडेतीन आठवडे बंद राहिली. घरी बसलेल्या बायकांपैकी तिघी आमच्याशी बोलेनाशा झाल्या, एक तर आम्हाला बघून रस्ता बदलायची. मॅनेजरची बदली झाली, शिक्षा अशी काही नाही. कारकून आहे तिथेच राहिला. दादाने स्वतः सगळं कबूल केलं म्हणून त्याच्यावर कारवाई झाली नाही, पण प्रमाणपत्राशिवाय बॉयलरला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. चौदा वर्षांचा उस्ताद कपड्यांच्या गाड्या ढकलायला लागला. नवा बॉयलरवाला चोवीस वर्षांचा होता.

दादा वहिनीशी एकोणीस दिवस बोलला नाही. मी मोजले, कारण निरोप माझ्यातर्फे जायचे. ‘‘तुझ्या वहिनीला सांग, मीठ कमी पडलंय.’’ ‘‘तुझ्या दादाला सांग, स्वतः घालून घ्या.’’ विसाव्या दिवशी गाडी ढकलताना त्याच्या पायावर चाक गेलं. वहिनी पट्टी बांधत होती आणि तो एकदम म्हणाला, ‘‘त्या दिवशी तू सही वाचली नाहीस.’’

‘‘नाही वाचली.’’

‘‘येत होती ना वाचता?’’

‘‘येत होती.’’

दादाने पाय आणखी पुढे केला. मग म्हणाला, ‘‘घट्ट बांध.’’

आमच्या वर्गात तो कधीच आला नाही. बायकांमध्ये बसायचं आणि बायकोने पाटी तपासायची, हे त्याच्या पचनी पडण्यासारखं नव्हतं. पण वर्षभराने मला कळलं की रविवारी तो मित्राकडे जातो म्हणायचा ते खोटं होतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, जिथे त्याला कुणी ओळखत नाही अशा एका वर्गात तो जायचा. वहिनीला हे माझ्याआधी माहीत होतं. त्याच्या खिशात खडूची भुकटी सापडायची. ती खिसा झटकायची आणि काही बोलायची नाही. बॉयलरच्या परीक्षेला तो दोनदा बसला. पहिल्यांदा लेखीत गेला, दुसऱ्यांदा तोंडीत, कारण परीक्षकाशी वाद घातला. तिसऱ्यांदा बसला नाही. नवा बॉयलरवाला अजूनही आवाज बदलला की त्यालाच हाक मारतो.

आमच्या वर्गात मात्र लॉन्ड्री उघडल्यावर दहा जणी आल्या. ज्या बोलत नव्हत्या त्याही आल्या, न बोलता बसल्या आणि शिकल्या. मीही बसले. माझ्यापुढे आजी, मागे हॉस्पिटलच्या दोन आया. चहा नव्हता, तरी आल्या. बॉयलरचं रजिस्टर रोज सकाळी सहीआधी मोठ्याने वाचायचं, हा नियम कुणी काढला ते आठवत नाही. आम्ही पाळीपाळीने वाचायचो. नव्या बॉयलरवाल्याला आधी ते फार लागलं. ‘‘माझ्यावर विश्वास नाही का?’’ म्हणायचा. आजी त्याला म्हणाली, ‘‘आहे की बाळा, म्हणून तर तुझं ऐकतो. कागदाचं मात्र वाचून घेतो.’’

वहिनी आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. मुकादम तिला केलं नाही, दोनदा जागा निघाली आणि दोनदा दुसऱ्याला गेली. वर तिचं नाव भांडखोर म्हणून लागलंय. तिला त्याचं वाईट वाटतं, वाटत नाही असं ती म्हणत नाही. सिस्टर गेल्यावर वर्ग ती चालवते. शिकवताना ओरडते फार.

गेल्या महिन्यात नवे मॅनेजर एक छापील कागद घेऊन आले. सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. वहिनीने कागद घेतला आणि उभ्याने वाचला, आता तिला अडायला होत नाही. उष्णतेपासून बचाव करणारे हातमोजे मिळाले, असं त्यात लिहिलं होतं. तिने आपले दोन्ही हात वर करून साहेबांना दाखवले. आमचेही अठरा-वीस हात वर झाले. पेन टेबलावर तसंच राहिलं.

साहेब कागद घेऊन वर गेले. हातमोजे चौथ्या दिवशी आले. सगळ्यांना दोन बोटं मोठे आहेत. त्यासाठी आता अर्ज लिहायचं काम माझ्याकडे दिलंय.